लखोट्यातील साक्ष

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत आली. आज मी तुम्हांला त्याच पायरीवर घेऊन जाणार आहे. भांडायला नव्हे, ऐकायला.

तुम्ही तालुक्याच्या कामाला जिंतूरला आलात आणि हाताशी घटकाभर वेळ असला, तर न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसा. तुमचा दावा नसो, फिर्याद नसो, तुम्हांला सहसा कोणी ऊठ म्हणणार नाही. गप्प बसायचे, एवढीच अट. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, शपथ घेतो आणि जे बोलतो ते चारचौघांदेखत बोलतो. ही काही कोर्टाची मेहेरबानी नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३२७ वे कलम याचसाठी होते आणि १ जुलै २०२४ पासून जी नवी संहिता लागू झाली, तिच्यात तेच ३६६ वे कलम झाले आहे. न्यायाचे काम उघड्यावर चालायचे, दार लावायचे तर न्यायाधीशाने कारण असेल तरच लावायचे, असा त्याचा अर्थ.

पण जी साक्ष मुळातच बंद खोलीत घेतली जाते, कागदावर उतरते आणि लखोट्यात घालून मोहोर लावून ठेवली जाते, ती कोणाच्या मालकीची? आणि पन्नास-साठ वर्षांनी एखादा शिक्षक, एखादा इतिहास लिहिणारा न्यायाधीशापुढे उभा राहून म्हणाला, की महाराज, ही लाख फोडा, तर त्याला काय उत्तर मिळते? आजचे बोलणे याविषयी आहे.

अशी खोली आपल्या मुंबईत होती, हे बहुतेकांना ठाऊक नसते. तिला ग्रँड ज्यूरी म्हणत. आपण 'नानावटी खटल्यातली ज्यूरी' म्हणतो ती निराळी. ती ज्यूरी खटला ऐकून आरोपी दोषी की निर्दोष ते सांगे. ग्रँड ज्यूरी त्याच्याही आधी बसे. फार तर तेवीस गृहस्थ एका दालनात जमत, सरकार पक्षाचे साक्षीदार तेवढे ऐकत आणि खटला चालवण्याजोगा आहे की नाही, एवढेच ठरवत. किमान बारा जणांचे एकमत झाले, की आरोपाच्या कागदावर 'आरोप खरा' असा शेरा पडे. नाही तर माणूस तिथल्या तिथे सुटे. आरोपीला त्या दालनात प्रवेश नाही, त्याच्या वकिलाला नाही, बाहेरच्या कोणालाच नाही. आत ऐकलेले बाहेर बोलणार नाही, अशी प्रत्येकाने शपथ घ्यायची.

ही इंग्रजांची जुनी रीत. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाबरोबर ती इथे नांदत होती. १८२६ च्या कायद्याने या ग्रँड ज्यूरीत फक्त ख्रिस्ती माणसांनाच बसता येई. मुंबई हिंदूंची, पारशांची, मुसलमानांची. पण त्यांच्यापैकी कोणावर आरोप खरा नि कोणावर खोटा, हे बंद दाराआड ठरवणार मूठभर गोरे व्यापारी! १८३२ च्या कायद्याने हे बंधन उठवले. त्याच कायद्याने हिंदी गृहस्थ शहराचे जस्टिस ऑफ द पीस होऊ लागले. नाना शंकरशेट त्यांपैकीच. पुढे १८६५ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तिन्ही शहरांतली ग्रँड ज्यूरी कायद्यानेच बंद झाली. आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या मुलखात, त्यामुळे आपल्याकडे ती कधी आलीच नाही.

ग्रँड ज्यूरी गेली, पण साक्षीदाराचे बोलणे झाकून ठेवावे की नाही, हा प्रश्न काही तिच्याबरोबर गेला नाही. शंभर वर्षांनी त्याच मुंबईत तो पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी त्याला तोंड फोडणारा माणूस मराठी होता.

गोष्ट अशी. 'ब्लिट्झ' नावाचे एक गाजलेले साप्ताहिक मुंबईत निघे. त्याचे संपादक करंजिया. १९६० च्या सप्टेंबरात त्यांनी एका मोठ्या उद्योगपतीविरुद्ध, कृष्णराज ठाकरसी यांच्याविरुद्ध लेख छापला. ठाकरसींनी अब्रूनुकसानीचा तीन लाखांचा दावा लावला. दावा मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती तारकुंडे यांच्यापुढे चालला. एक व्यापारी साक्षीला आला. त्याची साक्ष वर्तमानपत्रांत छापून आली. पुन्हा बोलावले तेव्हा त्याने हात जोडले: साहेब, मागची साक्ष छापली आणि माझा धंदा बसला, आता जे सांगेन ते तरी छापू देऊ नका. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी न्यायमूर्तींनी तोंडी हुकूम दिला, की या साक्षीदाराची साक्ष प्रसिद्ध करू नये.

तोंडी, हे लक्षात ठेवा. कागदावर काही नाही. किती दिवस, कुठवर, तेही नाही.

'ब्लिट्झ'चे बातमीदार होते नरेश श्रीधर मिरजकर. ते आणि त्यांच्याबरोबरचे आणखी काही पत्रकार हा हुकूम घेऊन आधी उच्च न्यायालयाच्याच खंडपीठाकडे गेले. तिथे उत्तर मिळाले, की न्यायाधीशाने खटला चालवताना दिलेल्या हुकमावर असा रिट अर्ज चालत नाही. मग ते दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणणे साधे होते: न्यायालय उघडे आहे, आम्ही आत बसून कानांनी ऐकले, मग लिहायचे नाही हे कसे? राज्यघटनेने दिलेले बोलण्याचे आणि लिहिण्याचे स्वातंत्र्य न्यायाधीशाच्या तोंडी शब्दाने जाते काय?

नऊ न्यायाधीश बसले. एका बातमीदाराच्या अर्जासाठी नऊ! मुख्य न्यायाधीश होते आपल्या साताऱ्याचे गजेंद्रगडकर. ३ मार्च १९६६ रोजी निकाल लागला आणि मिरजकर हरले. बहुमताने सांगितले, की उघडे न्यायालय हा नियम खराच. पण उघडेपणामुळे न्यायच होणार नसेल, साक्षीदार भिऊन खरे बोलणार नसेल, तर दार लावण्याचा किंवा छपाई थांबवण्याचा अधिकार उच्च न्यायालयाच्या अंगचाच आहे. आणि असा न्यायिक हुकूम म्हणजे मूलभूत हक्काचा भंग नव्हे.

विरुद्ध मत लिहिले न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी, नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले गृहस्थ. व्यापाऱ्याचा धंदा बुडेल, एवढ्या कारणावर सबंध देशाचे कान झाकता येत नाहीत, असा त्यांचा रोख होता. मला स्वतःला हिदायतुल्लांचे म्हणणे अधिक पटते. खून पाहिलेल्या गरीब मजुराच्या जिवाची भीती निराळी आणि पेढीच्या नफ्यातोट्याची भीती निराळी. कायद्याने दोन्हींना एकच चादर पांघरू नये.

पण शिक्षक मंडळींनी या निकालातली एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. बहुमताच्या निकालातच असे आहे, की तारकुंडे यांचा हुकूम खटला चालू असेतो साक्ष छापू नये एवढ्यापुरता समजायचा, त्यानंतरचा नव्हे. म्हणजे ज्या हुकमाला मुदत नव्हती, तोंडी हुकमाला कुठली असणार, त्याला वरच्या कोर्टाने आपण होऊन मुदत घातली. २०१२ साली सहारा कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी हाच धागा पुढे नेला: छापणे पुढे ढकलता येईल, पण गरज असेल तरच, आणि ठरावीक काळापुरतेच. झाकायचे तर किती दिवस, ते सांगून झाका.

जाता जाता एक सांगतो. हा तोंडी हुकूम देणारे विठ्ठल महादेव तारकुंडे मूळचे सासवडचे, आणि न्यायासन सोडल्यावर नागरिकांच्या स्वातंत्र्यासाठी देशात जी थोडी माणसे हट्टाने उभी राहिली, त्यांत त्यांचे नाव फार वरचे आहे. इतिहासात माणसे अशी एका रंगाची सापडत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, एका व्यापाऱ्याची साक्ष चार दिवस उशिरा छापली, त्यात बिघडले काय? त्या खटल्यात फारसे बिघडले नसेल. बिघडते कधी, ते पाहायला समुद्रापलीकडे जावे लागते; कारण आपण १८६५ साली मोडीत काढलेली ग्रँड ज्यूरी अमेरिकेत आजही जिवंत आहे.

१९५० साली न्यूयॉर्क शहरात रोझेनबर्ग नावाच्या जोडप्याला अटक झाली, ज्यूलियस आणि त्याची बायको एथेल. आरोप असा, की त्यांनी अणुबाँबची गुपिते रशियाला पोचवली. मुख्य साक्षीदार कोण? एथेलचा सख्खा भाऊ डेव्हिड ग्रीनग्लास. बाँब जिथे तयार झाला तिथे तो फौजेत कारागीर होता. १९५१ च्या मार्च महिन्यात उघड्या न्यायालयात त्याने आणि त्याच्या बायकोने शपथेवर सांगितले, की डेव्हिडने आणलेली टिपणे एथेलने टाइप करून दिली. नवऱ्याविरुद्ध इतर पुरावा होता, बायकोविरुद्ध जड पुरावा तो हाच. दोघांनाही देहान्ताची शिक्षा झाली. १९ जून १९५३ रोजी त्यांना विजेच्या खुर्चीत बसवण्यात आले. मागे दोन मुलगे, एक दहा वर्षांचा आणि एक सहा.

पण खटल्याच्या आधी, १९५० च्या ऑगस्टमध्ये हीच दोघे नवराबायको ग्रँड ज्यूरीपुढे बंद दाराआड बोलून गेली होती. तिथे ती काय बोलली? ते कागद मोहोरबंद. वकिलांनी विचारले, पुस्तके लिहिणाऱ्यांनी विचारले, दशके गेली. शेवटी २००८ साली इतिहास संशोधकांच्या संस्थांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात अर्ज केला, की आता हे इतिहासाचे साधन झाले आहे, उघडा. न्यायाधीश हेलरस्टाइन यांनी बहुतेक साक्षी उघडायचा हुकूम दिला. जे साक्षीदार वारले होते, ज्यांनी हरकत घेतली नाही, त्यांचे कागद मोकळे झाले. डेव्हिड ग्रीनग्लास जिवंत होता. तो नको म्हणाला. त्याची साक्ष बंदच राहिली.

डेव्हिडची बायको त्याच वर्षी वारली होती. तिची साक्ष उघडली. एथेलने टाइप केल्याचा तीत शब्द नाही! टिपणे आपणच हाताने लिहिली, असे तिने त्या बंद खोलीत सांगितले होते. पुढे २०१४ साली डेव्हिड वारला, संशोधक पुन्हा त्याच न्यायाधीशाकडे गेले आणि २०१५ साली त्याचाही लखोटा फुटला. आत काय होते? या विषयावर बहिणीशी आपले कधी बोलणेच झाले नाही, असे भावाने शपथेवर सांगितलेले होते.

ज्यूलियस हेर होता, हे आज बहुतेक इतिहासकार मानतात. एथेलला किती माहीत होते, यावर वाद आहेत. म्हणून ती अगदी निरपराध होती असा निकाल मी इथे बसून देत नाही. पण एकाच माणसाच्या दोन साक्षी, एक बंद खोलीतली आणि एक उघड्यावरची, एकमेकींशी जुळत नव्हत्या. आणि ज्यांच्या आईचा जीव त्यावर लटकला होता, त्या मुलांना हे कळायला बासष्ट वर्षे लागली. ग्रँड ज्यूरीचे कागद उघडा म्हणून लोक न्यायालयाच्या पायऱ्या का झिजवतात, ते यावरून कळते.

नेहमी मात्र असे होत नाही. त्याच देशात, जॉर्जिया राज्यात, २५ जुलै १९४६ रोजी मूर्स फोर्ड नावाच्या पुलाजवळ जमावाने दोन काळ्या जोडप्यांना मोटारीतून ओढून काढले आणि गोळ्या घातल्या. चौघांतला एक जण नुकताच महायुद्धातून परत आलेला सैनिक होता. त्याच वर्षी ग्रँड ज्यूरी बसली, शंभरावर साक्षीदार तपासले आणि खुनाचा आरोप एकावरही ठेवला नाही. काय सांगितले त्या शंभर जणांनी? अँथनी पिच या लेखकाने ते कागद मिळावेत म्हणून अर्ज केला. आधी सांगण्यात आले, की कागद सापडत नाहीत. मग ते राष्ट्रीय अभिलेखागारात सापडले. २०१७ साली खालच्या न्यायालयाने उघडा म्हटले, २०१९ साली वरच्या न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी दोनास एक असे तेच कायम केले. २०२० च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाचे बारा न्यायाधीश एकत्र बसले आणि आठ विरुद्ध चार मतांनी दार पुन्हा लावून घेतले. कारण? गुप्तता कोणत्या कारणांसाठी उठवावी त्याची यादी नियमात दिली आहे आणि त्या यादीत 'इतिहास' हा शब्द नाही. पिच हे ऐकायला उरले नव्हते. २०१९ सालीच ते वारले.

या निकालात कायद्याची चूक काढणे सोपे नाही, हेही कबूल केले पाहिजे. आत बोललेले बाहेर जाणार नाही, या भरवशावरच घाबरलेला माणूस आत बोलतो. उद्या सगळे फुटणार हे ठाऊक असेल तर गावगुंडाविरुद्ध कोण तोंड उघडील? आपल्याकडेही अत्याचार झालेल्या स्त्रीचा खटला बंद दाराआड चालतो आणि तिचे नाव छापायला बंदी आहे. तिथे वर्षांचा हिशेब नसावाच. ते नाव झाकलेलेच बरे. पण ज्याच्यासाठी झाकले तो साक्षीदार, ज्याच्यापासून झाकले तो आरोपी, लिहून घेणारा कारकून, सगळे काळाच्या पडद्याआड गेल्यावर तो लखोटा कोणाला राखतो?

हे परदेशचे झाले. आपल्या मराठवाड्याच्या अंगणातही असा एक लखोटा होता. तो न्यायालयाचा नव्हता, सरकारी दप्तरातला होता. पण प्रश्न तोच. रझाकारांनी आपल्या मुलखात काय केले ते आपल्या घराघरांत माहीत आहे, शाळांत शिकवले जाते आणि शिकवलेच पाहिजे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर संस्थानात मुसलमान वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांची माहिती घेण्यासाठी पंडित नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवले. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ते गावोगाव फिरले. सर्वांत अधिक हानी त्यांनी उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत नोंदवली. सबंध संस्थानात मेलेल्यांचा त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार. आपण रीतसर चौकशी आयोग नाही, हेही त्यांनीच लिहिले आहे, तेव्हा हा आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा. पण जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्याच अहवालात आहे, आणि अहवाल झाकला गेला तेव्हा तीही झाकली गेली. काही भाग इकडेतिकडे छापला गेला. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो वाचायला मिळू लागला तो २०१३ साली. पासष्ट वर्षांनी! ज्यांनी शेजारी लपवले ती माणसे तोवर बहुतेक गेली होती.

आपल्या देशात मुदतीचा विचार २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातही आहे. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती मागितली, तर देशाची सुरक्षितता, संसद-विधिमंडळाचा हक्कभंग आणि मंत्रिमंडळाचे कागद असे थोडे अपवाद सोडता ती द्यावी, असे त्याचे आठवे कलम सांगते. न्यायालयाच्या कागदांचा रस्ता मात्र वेगळा. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की खटल्यातील कागदाची नक्कल हवी तर माहिती अधिकाराने मागू नये, त्या न्यायालयाच्या नियमांप्रमाणे अर्ज करावा. खटल्यात नसलेल्या तिऱ्हाईताने कागद कशासाठी हवा, ते कारण लिहायचे. न्यायाधीशाला पटले तर तो हुकूम देतो. म्हणजे पिच यांनी जॉर्जियात केले, तेच लहान प्रमाणावर जिंतूरच्या मास्तरांनाही करता येते.

आणि करायचे असेल तर त्याला घाई आहे. निकाली निघालेल्या प्रकरणांची मिसल न्यायालयात कायमची राहत नाही. तिचे भाग पाडतात. काही कायम ठेवतात, काही नेमलेल्या वर्षांनंतर नष्ट करतात. त्यासाठी १९१७ पासून कायदाच आहे. मला याचे नेहमी नवल वाटते: कागद कधी जाळायचा याची मुदत लिहिलेली असते, कधी उघडायचा याची शोधावी लागते.

तुमच्या गावची कूळकायद्याची जुनी लढत असेल, विहिरीच्या पाण्यावरून झालेला खटला असेल, सत्याग्रहींवर निजामी अमलात भरलेली फिर्याद असेल, तर इयत्ता आठवी-नववीची मुले घेऊन तिच्या मागे लागण्यासारखे आहे. संस्थानी काळातले कागद बहुतेक उर्दूत सापडतील, तेव्हा वाचून देणारे एखादे जाणते माणूस आधी गाठा. अर्जावर कोर्ट फीचे तिकीट लावायचे, प्रकरणाचा क्रमांक, वर्ष आणि दोन्ही पक्षकारांची नावे घालायची. क्रमांक कोणाला सांगता येणार नाही. वर्ष अंदाजाने चालेल, त्या सालच्या नोंदवहीत शोधता येते. नावे मात्र बरोबर लागतात, आणि ती सांगू शकणारी ऐंशी-नव्वदीची माणसे अजून पारावर बसलेली आहेत, तोवर त्यांच्याकडून उतरवून घ्या.